पिवळीच्या मूळ नळ्या

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस की सोमवारी विमा कंपनीचा माणूस घरी येणार आहे आणि भाऊजी त्याच्या कागदावर सही करणार आहेत. ब्रेकच्या नळ्या तपासायला आपणच विसरलो, चूक आपली, असं कबूल करणारी सही. ती झाली की त्यांच्या हाताची भरपाई बुडाली आणि वर्कशॉपचा परवाना कायमचा गेला, हे तुलाही माहीत आहे. अपघातात उजवा हात निकामी झाल्यापासून ते डाव्या हाताने सही गिरवताहेत, वहीची चार पानं भरली, असं सांगताना तू हसलीस. मीही हसलो. फोन ठेवला आणि ऑफिसातलं कपाट उघडलं. त्या सहीबद्दल मला तुला काही सांगायचंय, पण ते एकदम लिहायची छाती होत नाही, म्हणून जरा लांबून येतो. घरात काही फोडलं की मी आधी तासभर भलत्याच गप्पा मारायचो, तसंच समज.

हे पत्र मी एका हॉलमध्ये स्टुलावर बसून लिहितोय, मूल्यांकनाच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर. इथे तेवीस स्पोर्ट्स गाड्या आहेत. प्रत्येकीवर मापाने शिवलेली मऊ चादर आहे. आत येताना बुटांवर कापडी पिशव्या चढवाव्या लागतात. हवेतला दमटपणा मोजणारी यंत्रं चारही कोपऱ्यांत आहेत आणि आकडा जरा हलला की एक माणूस धावत येतो. भाऊजी बावीस दिवस ज्या वॉर्डात होते तिथला पंखा तू स्वतः काठीने ढकलून सुरू करायचीस, आठवतं ना? या गाड्यांच्या धन्याला मालक म्हटलेलं खपत नाही. आम्ही कसले मालक, आम्ही नुसते राखणदार, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. तेव्हा मीही त्यांना राखणदारच म्हणतो. राखणदार गाडी चालवत नाहीत. चालवली की किलोमीटर वाढतात आणि किलोमीटर वाढले की भाव उतरतो. ताशी तीनशेच्या वेगाने पळायला जन्मलेली गाडी बंद ट्रकमध्ये घालून प्रदर्शनाला नेतात आणि तशीच परत आणून चादरीखाली झोपवतात.

मी नक्की काय काम करतो हे तुला मी कधी धड सांगितलंच नाही. आमचा बारक्या म्हणजे गाड्यांचा मोठा तज्ज्ञ आहे, एवढंच तू चार लोकांत सांगतेस. तर ऐक, तुझा तज्ज्ञ काय करतो ते. दर तीन महिन्यांनी मी एक पत्रक काढतो. कोणत्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचा पुनर्विक्रीचा भाव चढला, कोणत्या गाडीचा पडला, पुढे कुठे जाईल. लोक मला त्यातला जादूगार समजतात, पण त्यात जादू काही नाही. बाराव्या वर्षी ज्या गाडीचं चित्र मुलं खोलीच्या भिंतीवर चिकटवतात, ती गाडी त्या मुलांच्या पन्नाशीला चढते. तेव्हा त्यांच्याकडे पैसा येतो आणि केस गेलेले असतात. तीच माणसं पंचाहत्तरीला पोचली की गाडी उतरते, कारण घेणारे एकेक करून मरायला लागतात. हा सगळा अभ्यास आहे बघ. आणि जी गाडी एखाद्या शर्यतवीराने चालवली असेल, ती त्याच्या मरणाच्या महिन्यात चढते. एक शर्यतवीर आजारी असताना त्याची गाडी आत्ता घ्यावी की थांबावं, असं मला दोघांनी विचारलं होतं. मी दोघांनाही सल्ला दिला आणि दोघांकडूनही फी घेतली.

आणखी ऐक. गाडीच्या खाली साठ वर्षांपूर्वीच्या शर्यतीतला चिखल वाळून चिकटलेला असेल तर तो धुवायचा नाही, त्याला किंमत आहे. सीटच्या चामड्याला जुना वास आला पाहिजे. मोठमोठी माणसं सीटवर गुडघे टेकून, डोळे मिटून नाक लावतात. मीही लावतो. हल्ली तर तसला वास बाटलीत मिळतो, आणि बाटलीतला कोणता आणि खरा कोणता हे ओळखण्याचे मला वेगळे पैसे मिळतात. पूर्वी मित्रांमध्ये हे सगळं मी मजेने सांगायचो. आता शिसारी येते. दुसऱ्यांची येतेच गं, पण त्याहून जास्त माझ्या नाकाची येते.

हे नाक भाऊजींनी घडवलं. तीन नोकऱ्या सोडून मी तुझ्याकडे येऊन पडलो होतो. तू जेवायला वाढायचीस आणि बोलायची नाहीस. ते मात्र एक दिवस म्हणाले, चल, लोळतोच आहेस तर गाडीखाली लोळ. पत्र्यावर डोळे मिटून बोटं फिरवायची आणि दुसऱ्यांदा रंग कुठे दिलाय ते सांगायचं, हे त्यांनी शिकवलं. सहा महिने मी चुकत होतो आणि ते हसत होते. पुढे त्याच बोटांवर मी माझं ऑफिस थाटलं आणि त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाणं कमी केलं, कारण कपड्यांना डाग पडायचे. तुझ्या नणंदेच्या लग्नात मी माझ्या एका गिऱ्हाइकाला त्यांची ओळख इंजिनिअर म्हणून करून दिली होती. मेकॅनिक म्हणायला मला लाज वाटली. त्यांनी ऐकलं होतं. नंतर वर्षभर ते मला जाता-येता इंजिनिअरसाहेबांचे मेव्हणे म्हणून हाक मारायचे.

पिवळी, ती अपघातातली गाडी, त्यांच्याकडे माझ्यामुळे आली. राखणदारांनी ती अठरा वर्षं बंद ठेवली होती आणि आता विकायला काढायची होती. ते मॉडेल जगात चव्वेचाळीसच बनलं, त्यातल्या बत्तीस गाड्या उरल्या होत्या. चालू अवस्थेत दाखवली तर भाव दीडपट, म्हणून कसबी हात हवा होता. मी भाऊजींचं नाव सुचवलं. त्यांच्यावर उपकार केल्यासारखं सुचवलं, हेही लिहूनच टाकतो. चौदा महिने त्यांनी त्या गाडीवर जीव ओतला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा तू डबा घेऊन गेली होतीस, आणि मला फोन करून म्हणाली होतीस की हे लहान मुलासारखे नाचताहेत.

पुढचं तुला माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो, म्हणजे मला मधलं काही गाळता येणार नाही. गिऱ्हाईक आलं. अंगणात गाडी सुरू करून दाखवायची एवढंच ठरलं होतं. गिऱ्हाइकाला रस्त्यावर फेरी हवी झाली. राखणदार हो म्हणाले. भाऊजी नको म्हणाले, असं तिथल्या गाड्या पुसणाऱ्या माणसाने मला नंतर सांगितलं. खूप वेळ नको म्हणत होते. शेवटी राखणदार स्वतः स्टिअरिंगमागे बसायला निघाले तेव्हा भाऊजी म्हणाले, मग मीच चालवतो, निदान हळू तरी चालवीन. उतारावर ब्रेकचं पेडल तळाला गेलं. त्यांनी गाडी आपल्या बाजूने भिंतीला घासत नेली. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला खरचटलंसुद्धा नाही. भाऊजींचा हात दार आणि भिंत यांच्यात सापडला, डोकं आपटलं, आणि त्याआधीचे पंधरा-वीस दिवस त्यांच्या आठवणीतून पुसून गेले.

विम्याच्या तपासनिसाने लिहिलं की ब्रेकच्या नळ्या चाळीस वर्षांच्या जुन्या, आतून फुगलेल्या होत्या, मेकॅनिकने त्या तपासल्याची नोंद नाही. राखणदार म्हणाले, आम्हाला यातलं काय कळतं, आम्ही तर यांच्यावर सोपवलं होतं. सगळं खापर भाऊजींवर फुटलं. आणि मी काय केलं? मी माझं पत्रक काढलं. तारीख चुकवता येत नाही ना. त्यात मी लिहिलं की एक गाडी अपघातात नष्ट झाल्याने आता एकतीस उरल्या आहेत आणि उरलेल्यांचा भाव नऊ टक्क्यांनी वर जाईल. तो गेलाही. माझा अंदाज बरोबर आला म्हणून तिघांनी अभिनंदन केलं. त्या आख्ख्या परिच्छेदात एकही माणूस नव्हता, ताई. तो मी हॉस्पिटलच्या खालच्या कँटीनमध्ये बसून लिहिला होता.

त्याच दिवशी वर आलो तेव्हा तू मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलंस, बारक्या, तू यातला माणूस आहेस, खरं सांग, हे असं विसरतील का? आणि मी म्हणालो, होतं असं कधीकधी, ताई. वय झालंय. तू मान हलवलीस आणि माझ्या हातातली फळांची पिशवी घेतलीस. मला वाटतं, त्या क्षणापासून तू मानायला लागलीस. आणि तू मानलंस म्हणून तेही मानायला लागले.

आता तू सांगतेस की ते गॅसचं बटण पाच वेळा बघतात आणि मग तुला बघायला सांगतात. पाण्याचा नळ बंद केला की त्याच्यासमोर उभे राहतात. हत्यारांची पेटी त्यांनी शेजारच्याला देऊन टाकली, कारण माझ्या हातून आता कुणाचा तरी जीव जाईल, असं म्हणाले. हात गेला त्याचं दुःख त्यांना तेवढं नाही गं. आपण विसरलो, यानं ते खचलेत. आणि ते विसरले नव्हते.

मला हे अपघाताच्या आधीपासून माहीत आहे. भाऊजी प्रत्येक कामाचा कागद स्वतःच्या हाताने लिहितात. पिवळीच्या फायलीतलं एक पान सापडत नाही म्हणून तू वर्कशॉपचे सगळे खण उपसलेस, मलाही विचारलंस. ते पान माझ्या ऑफिसातल्या कपाटात होतं. अपघाताच्या नऊ दिवस आधी त्यांनी त्यावर लिहून दिलं होतं की पुढच्या दोन्ही नळ्या बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. राखणदारांनी तो कागद जसाच्या तसा माझ्याकडे पाठवला. नळ्यांवर कारखान्याचा शिक्का आहे, तेव्हा बदलल्या तर भावाला किती फटका बसेल, एवढंच त्यांनी विचारलं होतं. अशा शिक्क्याच्या मूळ नळ्या जगात तीनच गाड्यांवर उरल्या होत्या. मी उत्तर लिहिलं की मुळीच बदलू नयेत, बारा टक्के उतरेल. भाऊजींच्या अक्षराच्या खाली, त्याच कागदावर, मी माझ्यासाठी टिपून ठेवलं : मेकॅनिक अतिसावध. माझ्या भाऊजींना मी मेकॅनिक लिहिलं, आणि अतिसावध लिहिलं.

मला वाटलं होतं गाडी अंगणातच राहील. खरंच वाटलं होतं. पण हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्याचाही वीट आलाय. अपघातानंतर चौथ्या दिवशी राखणदारांचा फोन आला. तो कागद जपून ठेवा, एवढंच बोलले. मी ठेवतो म्हणालो. महिनाभराने या सगळ्या संग्रहाचं काम कायमचं माझ्याकडे आलं. कुणी कुणाला काही मागितलं नाही, कुणी काही दिलं असंही नाही. सगळं कसं सभ्यपणे झालं. सात महिने मी तुझ्या घरी येतोय, तुझ्या हातचं जेवतोय, भाऊजींना भात कालवून देतोय आणि मूग गिळून बसलोय. राखणदारांची मला किळस येते, त्या नाक लावणाऱ्यांची येते. पण ते तरी परके आहेत.

म्हणून हे पत्र. पोस्टाने पाठवत नाही, उद्या दुपारी माझ्या ऑफिसातला माणूस हातात आणून देईल, म्हणजे सोमवारच्या आत तुला मिळेलच. पाकिटात तो कागद आहे, अस्सल. त्याची आणि माझ्या उत्तराची नक्कल मी आज सकाळीच विम्याच्या तपासनिसाच्या टेबलावर ठेवून आलो. माझ्या सहीने जबाबही दिला, त्यामुळे आता मला मागे फिरता येणार नाही. या हॉलमध्ये मी किल्ल्या परत द्यायला आलोय, आणि राखणदार यायला वेळ आहे म्हणून बसून लिहितोय. मला माफ कर असं म्हणणार नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. दार उघडलं नाहीस तर मी समजून जाईन. फक्त एक कर. हे पत्र भाऊजींना वाचून दाखवू नकोस, निदान लगेच नको. आधी चष्मा दे आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेव. काही बोलू नकोस. वर तारीख आहे, खाली नळ्या बदला असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय, आणि ते अक्षर त्यांचं आहे.

तुझाच, तू अजून म्हणू देत असशील तर,
बारक्या