मोटर सुरू करण्याआधीची ओंजळ

आबा, आज दुपारी आईला सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं. ती आता बरी आहे. आत पडली आहे आणि मी बाहेर सोप्यात बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता आलं नसतं, आणि ती सांगायची मला हिंमत नव्हती. आजही नाही. तरी लिहिते, कारण मला भीती वाटते आहे. नदीची भीती. पुराची म्हणाल तर नाही, पूर आला की पाणी उपसायची काठावरची विहीर, जॅकवेल, बुडते, आपण पोरंबाळं, गुरं घेऊन माळावर जातो, ओसरला की येतो. मला भीती वाटते ती साध्या दिवसातल्या नदीची, जिचं पाणी मी रोज सकाळी गावाला सोडते.

तुम्ही गावचे वॉटरमन होता तेव्हा मी तुमच्यामागून उजाडता उजाडता नदीवर यायची. तुम्ही वहाणा काढून खालच्या पायरीवर जायचा, एक ओंजळ भरायचा, पाणी तोंडात घोळवून गिळायचा, मग वर येऊन मोटरचा स्टार्टर दाबायचा. एखाद्या दिवशी म्हणायचा, "आज कोयनेचं पाणी हाय. गार लागतंय." मला ते खरं वाटायचं नाही. मग एका सुट्टीत तुम्ही मला एसटीनं कराडला नेलंत आणि कोयना आपल्या कृष्णेच्या समोरून येऊन तिला कशी भिडते, मग दोघी मिळून कशा वळतात, ते दाखवलंत. तिथून वाईला गेलो. घाटावर पाय सोडून बसलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "हितं ही अजून पोर हाय. माहुलीला वेण्णा भेटती, कराडला कोयना. आपल्या गावात येती तवा चार घरचं बघून आलेली बाई असती ती. तिच्या पोटात काय हाय ते चाखल्याबिगर कळत न्हाई." घाटाजवळच्या गल्लीत तुम्ही मला एक पितळी तांब्या घेऊन दिला. घरी आल्यावर आईनं तो स्वतःकडे ठेवला आणि अजून ती त्याच तांब्यातून पाणी पिते.

एकदा मी शहाणपणा करून तुमच्या आधी वर पळाले आणि स्टार्टर दाबला. तुम्ही धावत येऊन मोटर बंद केलीत. हात उगारला नाहीत, पण तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. "पाणी देणाऱ्यानं आदी प्यायाचं. न्हाईतर ते देणं न्हवं, नुसतं वतणं हाय." त्यानंतर कधीतरी दोन दिवस तुम्ही मोटर लावलीच नाहीत. पाण्याला वास येत होता. सरपंच घाटावर येऊन ओरडायला लागले, गावात बायका भांडायला उठल्यात म्हणाले. तुम्ही शांतपणे ओंजळ भरलीत आणि त्यांच्यापुढे धरलीत. "घ्या. आदी तुमी प्या, मग लावतो." सरपंच आल्या पावली परत गेले. मला केवढा अभिमान वाटला होता तुमचा!

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं. मी डॉक्टरांना विचारलं, कशानं झालं? ते म्हणाले, कशानंही होतं. त्या 'कशानंही'नं मला धरलं ते धरलंच. तुमच्या जागी पंचायतीनं मला घेतलं. पहिल्या दिवशी मी वहाणा काढल्या, खालच्या पायरीवर गेले, ओंजळ भरली, तोंडापर्यंत नेली, आणि दवाखान्यातलं तुमचं पोट डोळ्यांपुढे आलं. मी ओठ मिटून घेतले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळून गेलं. वर धुणं घेऊन आलेल्या बायका होत्या. एक म्हणाली, "बापावानी हाय गं पोर." मी हसले. आबा, त्या दिवसापासून चौदा वर्षं मी रोज ओंजळ उचलते आणि रोज सांडते. मी एकदाही प्यायले नाही. आधी घरी उकळून प्यायची, आता विकतच्या पाण्याचा जार येतो. आईला मात्र जार चालत नाही. "लेकीनं आदी पिऊन सोडलेलं पानी हाय, ते सोडून इकतचं कशाला पिऊ?" म्हणते. मी तिचा तांब्या नळाला भरून देते.

नदी तुम्ही पाहिलेली राहिली नाही. वाळू सगळी उपसून नेली. जिथे झरा खणून तुम्ही मला पाणी पाजायचा तिथे आता गुडघाभर चिखल आहे आणि वर जलपर्णीचा हिरवा थर. बायका घाटावर धुणं धूत नाहीत, मगरी वाढल्यात. मला मगरीचं काही वाटत नाही, ती निदान दिसते तरी.

आई आजारी पडली त्याच्या आदल्या दिवशी पाणी तांबूस होतं. आदल्या संध्याकाळी वर साताऱ्याकडं वळीव झाला होता, त्यामुळे घाटावरचे सगळे म्हणाले, नवं पाणी आलं. मीही तेच समजले. नव्या पाण्याचा रंग आपण लहानपणापासून पाहिलेला, त्यात शंका कोण घेणार? नवं पाणी म्हणून मी जंतू मारायची टीसीएल पावडर जरा जास्त टाकली, ओंजळ उचलली, सांडली, मोटर लावली. नऊच्या सुमाराला मासे वर यायला लागले. तोंडं उघडी टाकून, हजारोंनी. लोक पाट्या घेऊन धावले. तेव्हा मला वास आला, नासलेल्या गुळासारखा. वर कुठंतरी साखर कारखान्याची मळी नदीत सोडली होती, वळवाचं निमित्त करून. मी मोटर बंद केली, पण टाकी भरून निम्म्या गावात पाणी गेलं होतं. एक घोट घेतला असता तरी कळलं असतं. तुम्ही असता तर ते पाणी गेलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले. गावात बरेच जण आजारी पडले, आईला तर सलाईन लावून सांगलीला हलवावं लागलं. पाण्याचा नमुना घ्यायला माणूस आला तोवर नदी स्वच्छ झाली होती. त्यानं मला विचारलं, "तुम्ही पाणी चाखता म्हणे?" मी काही बोलायच्या आत शेजारचे चारजण बोलले, "व्हय, रोज. बाप बी चाखायचा." त्यानं लिहून घेतलं, वॉटरमनने सकाळी स्वतः पाणी पिऊन पाहिलं, तिला काही झालं नाही. आणि आता सगळे तेच म्हणतात. तिला काही झालं नाही म्हणजे पाण्यात दोष नव्हता, कुठल्यातरी लग्नाच्या जेवणातून झालं असेल, माशांतून झालं असेल. मळी सोडणारा सुटला, आबा. माझ्या न प्यालेल्या ओंजळीनं त्याला सोडवलं.

दवाखान्यात आईनं डोळे उघडल्यावर आधी मलाच विचारलं, "तुला तर काय झालं न्हाई न्हवं? तू बी तेच पानी प्यालीस." मला काही झालं नाही, एवढंच मी म्हणाले. ती माझा हात धरून देवाचं नाव घेत राहिली आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

आज सकाळी, तिला आणायला जायच्या आधी, मी खरंच प्यायले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. गार होतं, कोयनेचं असावं. मळीचा वास नव्हता, किंचित मातीची चव होती. मी मोटर लावली आणि पायरीवर बसून राहिले, पोटात काही होतंय का याची वाट बघत. काही झालं नाही. भीती मात्र होती तेवढीच आहे.

घरी येताच आईनं पाणी मागितलं. "नळाचंच दे," म्हणाली. मी आत गेले. नळाला पाणी होतं, मी स्वतः चाखून सोडलेलं. मी तांब्या नळाखाली धरला, आणि मग जारमधून भरला. तिनं घटाघटा अर्धा तांब्या प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "बघ, नदीच्या पान्याची चव ती येगळीच. जारच्या पान्याला हाय का असली?"

उद्या ग्रामसभा आहे. त्या दिवशी पाणी कसं लागलं होतं, हे मला सगळ्यांसमोर विचारणार आहेत. आईच्या एवढ्याशा प्रश्नाला मी आत्ता "न्हाई" एवढंच म्हणाले, आबा, आणि तांब्या घासायला घेऊन गेले.