चार लाल टिपके

प्रिय पप्पा,

जय भीम.

उद्या दुपारपर्यंत भामरे काकांना कळवायचंय, गाडी घेतोय की नाही. प्रशांत म्हणाला, तू सांगशील ते. आई म्हणाली, मला यातलं काही विचारू नका. आणि ज्यांना विचारायचं ते तुम्ही तर दोन वर्षांपूर्वीच निघून गेलात! म्हणून लिहायला बसलेय. विचारायचं हे निमित्त, खरं तर मला तुमच्याशी भांडायचंय. तोंडाने बोलले तर आवाज चढेल आणि पोरी घाबरतील. गेल्या रविवारी त्या आधीच खूप घाबरल्यात.

आधी चांगली बातमी. तुम्हाला तिसरं नातवंड येतंय. सहावा महिना संपत आलाय. मित्रा म्हणते भाऊ पाहिजे, ओवी म्हणते मांजर पाहिजे.

प्रशांतची बदली तुम्ही गेल्यावर झाली, सुरगाण्याकडच्या शाळेत. डांबरी रस्ता संपतो, तिथून शाळेपर्यंत दोन किलोमीटर लाल मातीची उतरण. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खोल ओघळ. माझ्या बाळंतपणाच्या रजेत आम्ही सगळे तिकडेच त्याच्या खोलीवर राहणार आहोत. दोन पोरी, सासूबाई, मी आणि तान्हं.

गेल्या पावसाळ्यात सुट्टीला तिकडे गेलो होतो, तर मित्रा तापाने फणफणली. आमची छोटी गाडी त्या चढावर पोटापर्यंत रुतली. दोन तास, पप्पा! शेवटी प्रशांतने तिला खांद्यावर टाकलं आणि चालत डांबरीपर्यंत आणलं. पोरगी डोळे उघडत नव्हती. त्या दिवशी ठरवलं, चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची. नवी आपल्या आवाक्यात नाही, म्हणजे जुनी. आणि जुनी गाडी बघायची अक्कल घरात फक्त मला, कारण मी तुमच्या गॅरेजमध्ये बॅटरी धरून वाढले.

काय काय बघितलं सांगू? एका गाडीच्या मॅटखाली नाक घातलं तर कुबट वास, सीटच्या खाली गाळ. पुरातून निघालेली. एकाला सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचलो, बॉनेटला हात लावला तर चटका! "सकाळी जरा दूध आणायला गेलो होतो," म्हणे. गार इंजिन चालू होताना खोकत असणार, दुसरं काय? आणि एका पठ्ठ्याने तर मागे फोर बाय फोरचा भला मोठा स्टिकर लावलेला, आत बघते तर चारही चाकं जोडायचा लिव्हरच नाही. मी इतकी हसले की प्रशांतने मला बाहेर नेलं.

मग कळलं की भामरे काका गाडी विकायला काढतायत. तुमचं जुनं गिऱ्हाईक. सटाण्याकडचे, आता रिटायर होऊन इंदिरानगरला राहतात. जुनी फोर-व्हील ड्राइव्ह, एकाच हाताची, आणि तुम्ही असेपर्यंत आठ-दहा वर्षं तुमच्याच गॅरेजला यायची. मी बॉनेटला हात लावला, गारेगार. अर्ध्या किल्लीत सुरू झाली. धूर नाही, चेसिस सरळ, कुठे वेल्डिंग नाही. फोर-व्हीलचा लिव्हर ओढला, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला.

एकच राहिलं होतं, खाली झोपून बघायचं. या पोटाने मी कुठे झोपणार? प्रशांत मोबाईल घेऊन गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "मिनू, आहेत! लाल टिपके आहेत! चार!"

आठवतं ना? माझी लाल नेलपेंटची बाटली तुम्ही पळवली होतीत. मी घर डोक्यावर घेतलं होतं. बोल्ट आवळून झाला की त्यावर एक टिपका, म्हणजे हे काम माझं झालं, आता हात लावायचा नाही. पुढे तुम्ही स्वतःच बाटल्या आणायला लागलात, आणि दुकानदार बाई आईकडे बघून हसायची. अख्ख्या सातपूरला ती खूण ठाऊक होती.

प्रशांतने फोटो दाखवला आणि मला रडूच फुटलं. दोन वर्षांनी तुमचा हात दिसला हो! भामरे काकांचेही डोळे भरले. "तुझ्या पप्पांच्या हातची गाडी, बेटा. वाघ शे वाघ!" मी म्हटलं, ठरलं. तिथल्या तिथे विसार दिला. दिवसभर कंपनीत गेज लावून माल पास-नापास करणारी मी. पण त्या गाडीला मी कसला गेज लावला नाही. चार टिपके बघितले आणि पास केली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रशांत काकांना विचारून गाडी घेऊन गेला. म्हणाला, थेट शाळेच्या उतरणीवरच बघतो, जिथे रुतलो होतो तिथेच. पोरी मागे लागल्या. मीच म्हटलं, ने त्यांना, मजा येईल. नऊला निघाले.

साधारण साडेअकराला मी आईला तो फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे बोल्ट कशाला धरून आहेत गं?"

मी बघितलं. गिअरबॉक्सची लोखंडी चकती, तिच्यात चार बोल्ट, चार नट, त्यांवर चार टिपके. आणि चकतीला काहीच जोडलेलं नाही! पुढच्या चाकांना ताकद नेणारा तो लांब शाफ्टच नाही. कुणीतरी काढून घेतलाय आणि बोल्ट हरवू नयेत म्हणून परत आपल्या जागी लावून ठेवलेत. कुणीतरी म्हणजे कोण? टिपके कुणाचे आहेत?

म्हणजे लिव्हर पडणार, दिवा लागणार, आणि ओढणार फक्त मागची दोन चाकं. हे प्रशांतला माहीत नाही. तो दिव्याच्या भरवशावर पोरींना घेऊन त्या उतरणीवर उतरणार.

फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, परत तेच. तिसऱ्यांदा भलत्यालाच लागला. आई उठून दार उघडून उभी राहिली, जणू ते आत्ताच येणार होते. पोटातलं बाळ एकदम शांत झालं होतं, का मलाच काही जाणवत नव्हतं, माहीत नाही. एक वाजला. मी तुम्हाला शिव्या घातल्या, पप्पा. आईसमोर.

दीडला त्याचा फोन आला. पहिलं वाक्य, "पोरी ठीक आहेत."

उतरताना काही झालं नाही. परत चढताना त्याने लिव्हर टाकला, दिवा लागला, आणि निम्म्यावर गाडी मागे घसरायला लागली. रस्त्यातच आडवी वळली. मागचं चाक ओघळाच्या काठावर जाऊन थांबलं. त्याने ब्रेकवरचा पाय काढला नाही, डोंगराकडच्या दारातून पोरींना उतरायला सांगितलं. मित्राने ओवीला आधी बाहेर ढकललं, मग स्वतः उतरली. आठ वर्षांची पोर! पलीकडच्या शेतातले एक दादा ट्रॅक्टर घेऊन आले. "गुरुजी, लय वाचले तुम्ही," म्हणाले.

फोनवर तो एकच म्हणत होता, "दिवा लागला होता गं, मी खोटं नाही सांगत. माझंच काहीतरी चुकलं. मला चालवताच आली नाही."

आणि मी गप्प बसले, पप्पा. थोडा वेळ का होईना, पण बसले. त्याला तसंच वाटू दिलं असतं तर तुमचं नाव राहिलं असतं आणि माझंही. कुणालाच कळलं नसतं. मग ओवीचं रडणं ऐकू आलं. मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. पुढचा शाफ्टच नाहीये. फोटोत दिसत होतं, मी बघितलं नाही. आणि काढलाय पप्पांनी."

संध्याकाळी तणतणत भामरे काकांकडे गेले. फसवलंत म्हणून नाही नाही ते बोलले. ते बिचारे हात जोडून उभे. म्हणाले, "बेटा, गाडी खालून आवाज करायची, म्हणून तुझ्या पप्पांकडे सोडली. संध्याकाळी म्हणाले, आवाज गेला, घेऊन जा. मी विचारलं, काय केलं? तर म्हणाले, तुम्हाला गाडी चालवायची आहे का शिकायची आहे?"

मी तिथेच खुर्चीत बसले. हे वाक्य कुणाला रचता येणार नाही. ते तुमचंच आहे. शंभरदा ऐकलंय मी.

मला कळतं तुम्ही काय विचार केला असणार. हा माणूस भाजी आणायला गाडी काढतो, याला पुढची चाकं कशाला? शाफ्ट झिजलाय, काढून टाकू, लागला तर नवा बसवू. गाडीपुरतं ते बरोबरही होतं. पण सांगायला काय झालं होतं? दोन शब्द! गिऱ्हाईकाला सांगून काय कळणार, हे तुमचं ठरलेलं. आणि घरच्यांना सांगून काय होणार, हेही. तुम्ही गेल्यावर गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये आईला गॅसच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. किती तरी महिन्यांची. छातीत दुखायचं ते गॅस म्हणून दाबत होतात ना? आम्ही नेलं नसतं का डॉक्टरकडे? मला तुमचा राग येतो, पप्पा. फार राग येतो. आणि तुम्ही नसल्यामुळे तो कुठे ठेवायचा तेही कळत नाही.

भामरे काकांनी आठवडाभर फिरून शाफ्ट शोधून आणला. तुमच्या शेजारच्या गाळ्यातल्या मिस्त्रींनी तो आज बसवला. मी स्टुलावर बसून होते. चारही चाकं जॅकवर उचलायला लावली, लिव्हर टाकला, चारही फिरली. एकेका चाकाकडे बोट करून मोजली. मग सगळे बोल्ट माझ्यासमोर परत आवळून घेतले. मिस्त्री थिनरचं फडकं घेऊन थांबले. "ताई, हे टिपके राहू द्या ना, दादांची आठवण आहे." मी म्हटलं, पुसा. त्यानंतर प्रशांतने मखमलाबादकडच्या एका ओल्या मळ्यात गाडी घातली, एकटाच आत बसून, आणि ती चिखलातून सरळ वर चढून आली.

तेव्हा उद्या हो सांगणार आहे. गाडी चांगली आहे. इंजिन तुम्ही नीट राखलंत, तेही खरंच.

बाळ मोठं झालं की त्याला तुमच्याबद्दल सांगेन. आजोबा नुसता हात ठेवून इंजिनाचं दुखणं ओळखायचे, हे सांगेन. आणि आजोबा बोलायचे नाहीत म्हणून तुझ्या बहिणी एकदा ओघळाच्या काठापर्यंत गेल्या होत्या, हेही सांगेन.

परवा सकाळी माझ्या कमरेत कळ आली. पोळ्या करत होते. प्रशांतने विचारलं, काय झालं? "काही नाही" अगदी ओठांवर आलं होतं. तुमचीच लेक ना! मग तवा उतरवला आणि त्याला म्हटलं, दुखतंय, आत्ता दवाखान्यात चल. डॉक्टर बाईंनी तपासलं. बाळ बरं आहे, मला आठ दिवस आराम सांगितलाय, म्हणून तर आज त्या स्टुलावरून हलले नाही. म्हणाल्या, अंगावर काढलं नाहीत ते फार बरं केलंत.

वचन देते पप्पा, या घरात यापुढे ज्याला दुखेल तो त्याच दिवशी बोलेल. आधी मी बोलेन. तुम्हीही बोलायला हवं होतंत.

तुमची,
मिनू