तीन नंबरचा जंतू

२ फेब्रुवारी
आजपासून मी मुलांच्या इस्पितळाचा पत्रलेखक. तीस वर्षं संस्कृत शिकवून जे साधलं नाही ते इथे पहिल्याच दिवशी साधलं: श्रोते जागे राहिले. अर्थात वॉर्ड भाजलेल्या मुलांचा, पळणार कुठे? मुलं सांगतात, मी त्यांच्या घरी पत्र लिहितो. मोठ्या सिस्टरांनी बजावलंय, जखमेचं वर्णन नको. अलंकार तर मुळीच नकोत.

५ फेब्रुवारी
सात नंबरच्या खाटेवर पाच वर्षांची चिमणी. दंडावर उकळतं पाणी सांडलेलं. आई दूरगावी कामाला. चिमणी मला आजोबा म्हणते, आणि आजोबांना केस का नाहीत ते आईला विचारा म्हणते. पट्टी बदलताना आग होते, तेव्हा मी मुखपट्टी खाली ओढून फुंकर घालतो. आता साऱ्या वॉर्डाची तीच मागणी. मुलं रडत नाहीत म्हणून सिस्टरही काणाडोळा करतात.

९ फेब्रुवारी
तिघांना ताप, जखमा चिघळल्या. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकात दाखवलं: जांभळ्या मण्यांच्या माळा. स्ट्रेप्टोकोकस जंतू. सुंदर, म्हणालो. जखम तुमची नाही म्हणून, बाई म्हणाल्या. याच्या जाती पुष्कळ. तिघांत मात्र एकच, तीन नंबरची. म्हणजे एकाच कुणाच्या घशातून आलेली. आणि तो घसा दुखतच असेल असं नाही.

११ फेब्रुवारी
सर्वांच्या घशाची तपासणी. अक्षर बरं म्हणून यादी मीच केली. डॉक्टर, सिस्टर, आया, झाडूवाला, स्वयंपाकी. एकूण एकतीस.

१४ फेब्रुवारी
एकतीसही निर्दोष. आयाबाई कोपऱ्यात रडल्या; चार दिवस सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मीही. आणखी दोन मुलं तापली. फुंकरीला उसंत नाही.

१६ फेब्रुवारी
चार नंबरची खाट रिकामी. घरी पत्र लिहिलं. चार ओळी. अलंकार नाही.

१७ फेब्रुवारी
दहा जण नदी उतरून जातात. जो तो मोजतो, नऊच भरतात. मोजणारा स्वतःला धरतच नाही. ही गोष्ट सांगितली की वर्ग हसायचा.
यादी पुन्हा काढली. एकतीस. अक्षर खरंच बरं आहे. त्यात माझं नाव—
बाईंपुढे तोंड उघडून बसलो. त्यांनी घशातून बोळा फिरवला.

१९ फेब्रुवारी
तीन नंबर.
घसा दुखत नाही. एकदाही दुखला नाही.
औषधाने दहा दिवसांत जाईल म्हणाल्या बाई. तुमच्यातून, म्हणाल्या.
चिमणीला सकाळपासून ताप.

२० फेब्रुवारी
काचेबाहेर उभा. आजोबा रुसले का, असं ती सिस्टरांना विचारते म्हणे. मला पाहून गाल फुगवले— फुंकर कशी घालायची ते मला दाखवत—

२१ फेब्रुवारी
मोठ्या सिस्टर येऊन गेल्या. आईला कळवायचंय. तुम्हीच लिहा म्हणाल्या, तिच्या ओळखीचं अक्षर आहे.
बाई, तुमची चिमणी आज पहाटे— तिला फारसा त्रास—
खोटं.
बाई, तुमच्या लेकीच्या जखमेवर रोज मी—