पाटावर पाय

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात आजपासून 'बैठक सुधारा' सप्ताह. लिफ्टमध्ये पोस्टर लागलंय. ताठ बसलेला माणूस, हिरवी खूण. वाकलेला माणूस, लाल फुली. लाल फुलीवाला हुबेहूब आमचे दळवी. सगळ्यांना कळलं, दळवींना सोडून.
कंबर कालच्यासारखीच. जेवणानंतर डाव्या पायाला मुंग्या.

४ फेब्रुवारी
फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. प्रत्येकाच्या टेबलाशी दहा मिनिटं. कोपर काटकोनात, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, माउस हाताशी. दळवींची मान तिने दोन बोटांनी मागे ढकलली, तिची पाठ वळताच ती परत पुढे आली.
माझ्यापाशी आली, खाली वाकली, तशीच राहिली. म्हणाली, "मॅडम, तुमचे पाय जमिनीला टेकतच नाहीत."
मी चार फूट दहा. टेबल कुणा सहाफुट्याच्या मापाचं. खुर्ची खाली घेतली तर टेबल हनुवटीशी येतं, वर घेतली तर पाय लोंबतात. कंबर, मुंग्या, सगळं त्यातूनच म्हणे. किती वर्षं अशा बसताय, विचारलं. एकोणीस. इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही?
आलं होतं. एकाच्या. ते तिला सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी
फूटरेस्ट मागवलंय. येईपर्यंत कागदाचे दोन रिम पायाखाली घ्या, असा सल्ला. अर्धा सेक्शन चपापला. अश्विनी पंचविशीची, कानात कायम गाणी, तीसुद्धा म्हणाली की कागदाला पाय कसा लावायचा.
तरी ठेवले. पाय लागला की हात आपोआप खाली, कागदाला लावून कपाळाला. जेवणापर्यंत चौदा नमस्कार झाले. कंबर त्या वाकण्यानेच जास्त भरून आली. रिम परत कपाटात.

६ फेब्रु.
पे. आठवतात. आठवतात कसले, समोरच बसलेले असतात. पेडणेकर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, त्यांच्या जागी आता प्रिंटर आहे. तो बिचारा दिवसभर गरम होतो आणि कुणाशी बोलत नाही, तेवढं साम्य.
त्यांच्याच लक्षात आलं होतं. मी डबा खायला गेले असताना टेबलाखाली वाकून वितीने माप घेतलं असणार. कारण एका सोमवारी वर्तमानपत्रात गुंडाळून पाट घेऊन आले. लालबागच्या घरचा, जेवायला बसायचा, सागवानी. खाली पट्ट्या ठोकून हवा तेवढाच उंच केलेला. साडी अडकू नये म्हणून कडा घासलेल्या. माझ्या पायाशी ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.
दळवी मोठ्याने म्हणाले, "काय पेडणेकर, पाट लावलात वाटतं?"
विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट लावणं म्हणतात, हे न कळण्याइतकं लहान सेक्शनमध्ये कुणी नव्हतं. पे.ची बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली, माझे हे जाऊन सात. सगळे हसले. सगळ्यांसमोर म्हटलं, "घरी घेऊन जा तो. आमच्यात पाटावर पाय ठेवत नाहीत."
"बरं," म्हणाले. त्याच वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळला. पहिल्या घड्यांवरच घड्या घातल्या.

७ फेब्रु.
वाक्य खोटं नव्हतं. नाहीच ठेवत पाय. लहानपणी पाट ओलांडला तरी आई ओरडायची. पण बोलले ते पाटासाठी नव्हतं. दळवींना ऐकवायचं होतं, लागलं पे.ना.
त्यांच्या निरोप समारंभात गुच्छ मी द्यायचा ठरलं होतं. ऐन वेळी अश्विनीच्या हातात कोंबला. त्यांनी तिच्याकडून घेतला, माझ्याकडे बघून मान हलवली. एवढंच.

१३ फेब्रु.
फूटरेस्ट आलं. काळं प्लॅस्टिक, वर टोचरे ठिपके, जरा जोर दिला की सरकतं. तरी पाय टेकले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाठ खुर्चीला लागली. तिथेच डोळे भरले. स्क्रीनमुळे पाणी येतंय म्हटलं, अश्विनीने लगेच दर वीस मिनिटांनी लांब बघायचा नियम ऐकवला. लांब बघितलं. प्रिंटर.
एवढं साधं सुख होतं. एका माणसाने चार वर्षांपूर्वी हाताने घासून आणून दिलं होतं.

१४ फेब्रु.
मुंग्या कमी. दळवी गळ्यात पट्टा घालून आलेत. माझ्या पायाकडे बघून म्हणाले, पेडणेकर बरोबर होता म्हणायचा. मी म्हटलं, हे तेव्हा म्हणायचं होतंत. पट्ट्यामुळे त्यांना मान खाली घालता येईना.

१७ फेब्रु., सोमवार
सुटल्यावर लालबागला मसाला घ्यायला उतरले. आमच्या गिरगावात मसाला मिळत नाही असं नाही. मिरचीच्या दुकानासमोर शिंकत उभी राहिले, समोर त्यांची गल्ली. गेले नाही. काय सांगणार होते जाऊन, पाय टेकले म्हणून?
त्या माणसाची आठवण येते. लिहून टाकलं.

२० फेब्रु.
फोन केला. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून. नाव सांगायच्या आत म्हणाले, "लेलेबाई. पाय टेकतात का आता?"
चार वर्षं. आणि पहिलं हे.
ऑफिसने फूटरेस्ट दिल्याचं सांगितलं. चांगलं केलं म्हणाले. मग सरळ विचारलं, तो पाट आहे का अजून?
"आसा… आहे, आहे." गडबडले की मालवणीत घसरतात, अजून तसंच. मग म्हणाले, "पण तुमच्यात पाटावर पाय ठेवत नाहीत ना?"
"नाही ठेवत," म्हटलं. "बसतात."
मग हळूच म्हणाले की शनिवारी ते घरीच असतात, दुपारी चारनंतर चहा होतो.

२१ फेब्रु., शुक्रवार
साडी काढून ठेवली. निळी. मग आवरून परत घडी केली, मग परत काढली. या वयात. फूटरेस्ट आज तीनदा सरकलं, एकदाही राग आला नाही.
एवढंच ठरत नाहीये, उद्या पिशवी कुठली घ्यायची. मोठी घेतली तर नुसता पाट न्यायला गेल्यासारखं होईल. लहान घेतली तर पाट तिथेच राहील, तसाच, त्यांच्या घरात.
दोन्ही पिशव्या दाराला अडकवून ठेवल्यात.