२१३ नंबरची फ्रेम सापडेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा सायकलच्या फ्रेमा सांधण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं, ते रागात लिहिलं होतं. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. वर्कशॉप, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या पुतणीला, म्हणजे दिराच्या मुलीला मिळावी. मला मूलबाळ नाही, तिला मीच वाढवलं. मात्र २१३ नंबरची फ्रेम सापडून तिचे दोन तुकडे होईपर्यंत यातलं काहीही तिच्या नावावर होऊ नये.

२. हत्यारंही तिलाच. फक्त बारीक कानस मोडीत घालावी. सांधा इतका साफ घासायचा की दोन नळ्या कुठे जुळल्या ते कळू नये, ही माझी हौस. लोक बोट फिरवून वाहवा करायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायची. २०७ ते २१७ या अकरा फ्रेमांत मी हँडलखालची नळी घासून घासून पातळ केली. सगळ्यांत देखण्या त्याच. गेल्या वर्षी त्यातली एक उतारावर मोडली. पोस्टमनचे पुढचे चार दात गेले.

३. दिरांना काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही म्हणतात, आणि तसाही दिला नसता. 'लाइफटाइम गॅरंटी'चे उरलेले स्टिकर जाळावेत. ती कल्पना त्यांची. फ्रेमा चांगल्या म्हणून त्यांनी गॅरंटी दिली नव्हती. लोक पावती हरवतात, सायकल विकतात, परत येणारा शंभरात एखादा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या पहिल्या दोनशे फ्रेमांना कसलीच गॅरंटी नव्हती, त्यांवर लोक अजून दुधाचे कॅन वाहतात.

पोस्टमन पडला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, नवी फ्रेम देऊ. गॅरंटी आणखी कशाला असते?"

"भावजी, दात कुठून देणार?"

तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं.

४. मोडलेली धरून दहा फ्रेमा मी दारोदार फिरून परत आणल्या आणि कापल्या. २१३ राहिली. विक्रीच्या वहीत तिच्यापुढे नाव नाही. दुकानाचं नाव बुडेल म्हणून दिरांनी या अकरा नंबरांची यादी कधी हातातही घेतली नाही. कोणीतरी ती फ्रेम रोज चालवतंय. रस्त्यावर ब्रेक करकरला की मी काम टाकून खिडकीशी जाते.

५. साक्षीदाराने मजकूर वाचावा असा कायदा नाही, माझी अट आहे. म्हणून पहिले साक्षीदार दीरच. समोर बसून वाचत आहेत.

पुरवणी, त्याच दुपारी: चौथ्या कलमाशी ते थांबले. म्हणाले, "वहीत न लिहिता मी एकच फ्रेम दिली. पोरीला." नंबर मी हँडलखालच्या नळीच्या पोटाला ठोकते; गॅरंटीचा स्टिकर नेमका त्यावर चिकटवलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा; घरची सायकल तेवढी मी उलटी करून पाहिली नव्हती. दोनच्या पाळीला ती पुलाच्या उतारावरून जाते. पावणेदोन झाले होते. फोन उचलेना. ते चष्मा टाकून जिना उतरले. मी सव्वा तास पेन हातात धरून बसले. माझ्या हातची फ्रेम, माझीच पोर.

ठिकाण: वर्कशॉपवरची खोली
दिनांक: ९ जानेवारी २०१९
मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार २: शेजारचे शिंपी (सही)

साक्षीदार १: दीर. सगळं वाचलं. पोर पुलाच्या अलीकडे भेटली. स्टिकर सोलल्यावर खाली नळीला केसाएवढी चीर होती. फ्रेम मी कापली. सहीवर लोखंडाचा कीस सांडला आहे, पण ती माझीच आहे.