तपकिरी नकाशाखालच्या दांड्या

प्रिय बारक्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आई बरी आहे. गुडघा तिला हवा तेव्हा दुखतो. माझ्या खोलीची खिडकी अजून लागत नाही. सुतार रोज ‘उद्या येतो’ म्हणतो, आणि हवामानखात्यात जन्म घालवूनही त्याच्या उद्याचा अंदाज मला बांधता येत नाही.

तुझ्या धरणाचं सगळं वाचते आहे. हंगाम कोरडा जाणार म्हणून तू पाणी धरून ठेवलंस, पाऊस दणकून आला, दरवाजे एकदम उघडावे लागले आणि खालच्या वस्तीतली घरं गेली. माणसं वाचली, हे नशीब. आता चौकशी लागली आहे आणि तुझं एकच पालुपद, ताईच्या खात्याचा अंदाज चुकला. तो चुकला असेल तर तुझी नोकरी राहते, नसेल तर जाते.

म्हणून मी तपासायला बसले. एका हंगामावरून आमचं खरंखोटं ठरत नाही. ‘कोरड्याची शक्यता शंभरात साठ’ असं आम्ही म्हटलेले जुने सगळे हंगाम काढले आणि त्यातले खरोखर किती कोरडे गेले ते पाहिलं. दहातले सहाएक जायला हवेत. सगळेच गेले असते तर तीही आमची चूकच. मग साठ कशाला, छातीठोक सांगायचं होतं! शंभरात तीस, चाळीस, सत्तर म्हटलेले हंगामही काढले आणि सगळ्यांचे ठिपके आलेखावर मांडले. एरवी ते तिरप्या रेषेवर बसले, म्हणजे सांगितलं तितकंच घडलं, की मला कोण आनंद होतो. या वेळी पहिल्यांदाच वाटलं, बसू नयेत. बसले मेले.

तुला लहानपणापासून ‘बहुतेक’ हा शब्द सोसत नाही. निकालाच्या आदल्या दिवशी माझी वेणी ओढून विचारायचास, पास की नापास तेवढंच सांग. नकाशाचंही तेच केलंस. सगळ्यात मोठी शक्यता ज्याची, त्याचा रंग आम्ही भरतो. तुझा भाग तपकिरी, म्हणजे कोरडा. पण खाली शक्यता दाखवणाऱ्या लहानमोठ्या तीन दांड्या असतात. कमी पावसाची साठ, सरासरीची पंचवीस, जास्तीची पंधरा. बैठकीत दाखवताना तू त्या कापल्यास. साहेबांना रंग कळतो, दांड्या दिसल्या की ते प्रश्न विचारत बसतात, असं तूच हसत सांगितलं होतंस. अरे, पंधरा म्हणजे शून्य नव्हे. कधी ना कधी ते येणारच असतात.

आईचं म्हणणं, सख्ख्या भावासाठी ‘चुकला’ एवढा एक शब्द बोललीस तर काय आभाळ कोसळणार आहे? दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र वाढते. मला तिचा राग येतो, तुझा त्याहून जास्त येतो, आणि तुझी काळजी वाटते ती वेगळीच.

समितीपुढे तुझा कापलेला नकाशाच आहे. सोमवारी त्यांनी मला बोलावलंय. मी अख्खा नकाशा नेणार आहे, दांड्यांसकट, आणि अंदाज चुकला नव्हता असं सांगणार आहे. तुझ्या एकाही साहेबाने खालचा भाग मागितला नाही, हेही सांगेन. पण त्याने तू वाचशील असं मला वाटत नाही. हे तुला चारचौघांत पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून लिहिलं. तू समोरच बसलेला असशील. तेवढा वेळ माझ्याकडे बघू नकोस रे, नाहीतर माझ्याने बोलवणार नाही.

तू मान किंवा नको मानूस, तुझीच,
ताई