वर्तुळात माणूस आहे

कर्जत, १४ नोव्हेंबर

प्रिय साईनाथ,

आईचे दिवस उरकून तू सुरतेला गेलास, त्याला दोन महिने झाले. पत्र बघून हसशील. फोनवर जे जमत नाही ते कागदावर जमतंय का बघते.

तुमच्या वाडीवर आमचं औषधांचं ड्रोन उतरत नाही रे. कर्जतहून आपलं आपण निघतं, सात मिनिटांत डोंगर चढतं, तुमच्या अंगणात उतरण्यासाठी आखलेल्या चुन्याच्या वर्तुळावर येऊन हवेतच थांबतं आणि माझ्या स्क्रीनवर अक्षरं येतात: वर्तुळात माणूस आहे. भर दुपारी अंगण रिकामं असतं. कॅमेरा दोनदा बदलला, वर्तुळ वीस पावलं हलवलं. बाकीच्या वाड्यांवर तेच यंत्र गुमान उतरतं. हिरूमावशीच्या संजनाच्या फिटच्या गोळ्या मात्र परत येतात, आणि एखादा दिवस चुकला तरी पोर तडफडते.

सोनुबाईची फार आठवण येते. चाचणीच्या वेळी तुझी आई हटकून वर्तुळात जाऊन उभी राहायची. मी ओरडले की म्हणायची, "पावना आला नि सामोरं कुनी जायाला नको का गं?" पात्यांनी हात कापेल, हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ऐकलं तिने, पण तोंड फुगवून.

परवा हिरूमावशी वैतागली. अंगणात येऊन म्हणाली, "सोनू, बाजूला हो गं, पोरीचं औषद हाय." ड्रोन सरळ खाली आलं. कर्जतला स्क्रीनवर मी ते बघितलं, ऐकलं. काल मी स्वतः वाडीवर गेले, तश्शीच हाक मारली. माझ्या हाकेला ते जागचं हललं नाही.

आमचे वरिष्ठ विपुलसर म्हणतात, त्या वाडीपुरता माणूस बघायचा नियमच काढून टाक. पुढच्या आठवड्यापर्यंत मी थोपवून धरलंय.

आई गेली त्या दिवशी वाऱ्यामुळे तिच्या गोळ्यांना उशीर झाला, असं मी तुला सांगितलं. खोटं होतं ते. ड्रोन वेळेवर पोचलं होतं. आई वर्तुळात पडली होती, आणि माणूस असेल तर उतरायचं नाही, हा नियम मीच लिहिलाय. पडलेला माणूस ओळखून आम्हाला खबर देण्याचं काम मी पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. अकरा मिनिटं तिच्यावर थांबून ते तिच्या छातीच्या गोळ्या घेऊन परत आलं. सगळं चित्रित झालंय. अजून कुणाला दाखवलेलं नाही. तू ये आणि बघ. पहिली चार मिनिटं तिचा हात हलतोय.

अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
सुप्रिया